अकरा वाजता घरी नसलेली माणसं

आमच्या गटाच्या वाट्याला आलेला प्रश्न पांढऱ्या तक्त्यावर निळ्या शाईत लिहिलेला होता : ‘कामगार वस्तीतील पालकांची मुलांच्या शिक्षणाविषयी उदासीनता.’ धारवाडच्या आमच्या कॉलेजात त्या वर्षी एक स्पर्धा होती. पाच-पाच जणांचे गट करायचे, शिक्षणातला एक प्रश्न घ्यायचा, त्यावर प्रकल्प आखायचा, तीन महिने राबवायचा आणि शेवटी हुबळीच्या एका मोठ्या हॉटेलात परीक्षकांसमोर मांडायचा. मार्गदर्शक मॅडमनी तक्ता मोठ्यानं वाचून दाखवला आणि म्हणाल्या, “आता या उदासीनतेच्या मुळाशी जायचं बरं का.”

त्या मुळाचा पत्ता मला चांगला ठाऊक होता. मी त्याच्याच घरात राहत होते. ते मूळ पहाटे साडेचारला उठायचं, बहिणीच्या आणि माझ्या अंघोळीचं पाणी तापायला ठेवायचं, सव्वापाचला डबा घेऊन रस्त्यावर कंपनीच्या बसची वाट बघत उभं राहायचं आणि बेलूरच्या कारखान्यात सहा ते दोन खोकी भरायचं. मी त्याला अप्पा म्हणते.

पण मी त्या दिवशी काही बोलले नाही, आणि पुढचे दोन आठवडेही नाही. हे आधीच सांगते, म्हणजे पुढं मी कुणावर तोंडसुख घेतलं तर वाचणाऱ्यानं त्यातला थोडा भाग माझ्याकडं वळवावा.

गटाचा प्रमुख मळमड्डीतला, वकिलाचा मुलगा. मुलगा वाईट नव्हता. वाईट असता तर फार सोपं गेलं असतं. आमच्या बैठका त्याच्याच घरी व्हायच्या, त्याची आई प्रत्येक वेळी तिखट अवलक्की, म्हणजे पोहे, आणि चहा द्यायची, आणि माझं घर कुठं म्हणून विचारलं की मी नुसतं “बेलूर रोडला” म्हणायची. रस्ता लांबलचक आहे. त्यावर बंगलेही आहेत. ज्याला जे समजायचं ते त्यानं समजावं.

गप्प राहण्याचं कारण लाज, दुसरं काही नाही. आणि त्या लाजेच्या मुळाशी एक जुना राग होता. मी ज्या सरकारी शाळेत शिकले तिथं महिन्याच्या पहिल्या शनिवारी पालकसभा असे. माझ्या नावापुढं दर महिन्याला ‘पालक गैरहजर’. आई मळमड्डीत मुलींच्या वसतिगृहात पोळ्या लाटते, ती यायची नाही. अप्पा यायचे नाहीत. वर्गशिक्षक एकदा सगळ्यांसमोर म्हणाले होते, “घरच्यांनाच पडलेली नसेल तर आम्ही काय करणार?” मी मान खाली घातली आणि मनातल्या मनात म्हणाले, खरंच आहे, पडलेली नाही. आठवीतल्या मुलीनं आपल्या बापाविषयी हे मानलं, आणि कॉलेजच्या शेवटच्या वर्षापर्यंत ते पुसलंही नव्हतं.

आता त्याच शाळेत माझी धाकटी बहीण दहावीत होती. दहावीच्या मुलांसाठी शाळा सकाळी गणित-विज्ञानाचा एक खास वर्ग घ्यायची. जागा थोड्या. बहीण गुणांत तिसरी, तरी यादीत तिचं नाव नव्हतं. कारण नियम असा की पालकानं सभेला समक्ष येऊन संमतीची सही करायची. मुख्याध्यापक तिला म्हणाले होते, “वडलांना घेऊन ये, मग बघू.” ती घरी येऊन अप्पांना काहीच बोलली नाही. मला बोलली. आणि त्या वर्गाशिवाय तिचं गणित निघणं अवघड होतं. बाहेरची शिकवणी आम्हांला झेपणारी नव्हती.

तर इकडं मळमड्डीत, उदासीनतेच्या मुळाशी जाऊन आल्यावर गटानं पथनाट्य करायचं ठरवलं. पालक-जागृती! पथनाट्य म्हटलं की दारुडा बाप हवाच. तो नसला तर डफ कशासाठी वाजवायचा हा प्रश्नच पडतो. बाप पिऊन येतो, पोरीचं दप्तर फेकतो, बायको रडते, मग शिक्षिका येऊन चार वाक्यं बोलते आणि बापाचे डोळे उघडतात. संवाद कोण लिहिणार? गटातल्या कुणाला तसं बोलता येईना. मी लिहिले. “पोरगी शिकून काय कलेक्टर हुणार हाय काय? जा, भाकरी थाप जा!” असली वाक्यं मी एका बैठकीत धडाधड उतरवली. सगळे खूश. मॅडम म्हणाल्या, “काय अस्सल भाषा आहे! कुठून आणलीस?” मी हसले. दारुड्याच्या बायकोचं कामही मलाच मिळालं, उच्चार चांगले म्हणून.

माझ्या बापानं आयुष्यात दारूला हात लावलेला नाही. मी त्याची बोली उचलली आणि बाटलीवाल्याच्या तोंडात घातली. आपलेच दात, आपलेच ओठ.

नाटकाआधी पाहणी झाली. बाकीचे चौघं फॉर्म घेऊन वस्तीत फिरून आले. मी पोटदुखीचं निमित्त काढलं आणि घरीही न थांबता कॉलेजच्या ग्रंथालयात जाऊन बसले. मग कळलं की नाटकासाठी शाळेनं सुचवलेली गल्ली आमचीच. वेळ सकाळी अकरा, वार बुधवार. मी तेव्हा तरी तोंड उघडायला हवं होतं. उघडलं नाही. कारण अकरा वाजता आमच्या गल्लीत कुणी नसतं हे मला पक्कं माहीत होतं. बाप बेलूरला, आया कुठं स्वयंपाकाला, कुठं धुण्याभांड्याला, पोरं शाळेत. मला ओळखणारं कुणी बघणार नाही, या हिशोबावर मी त्या दिवशी फाटकी साडी नेसून माझ्याच दारापुढं उभी राहिले.

प्रेक्षक म्हणाल तर दोन म्हाताऱ्या, कडेवरची तीन पोरं, आणि आमच्या शेजारची अक्का. ही अक्का जोंधळ्याच्या कडक भाकऱ्या करून सुभाष रोडवरच्या दुकानांना पुरवते, त्यामुळं दिवसभर घरात असते. तिचा मला विसरच पडला होता. पिठाचे हात घेऊन ती उंबऱ्यावर बसली आणि नाटक शेवटपर्यंत बघितलं. बापाचे डोळे उघडले, डफ थांबला, मॅडमनी टाळ्या वाजवल्या. अक्का उठून माझ्यापुढं आली.

“काय गे,” ती म्हणाली, “तुझा अप्पा कधी पिऊन आला? मला तर एक दिवस बी दिसला न्हाई.”

गटातले चौघं माझ्याकडं बघत राहिले. प्रमुखानं विचारलं, “तुझा अप्पा? म्हणजे?”

“म्हणजे हे हिरवं दार,” मी म्हणाले. “आमचं.”

अक्कानं आम्हां सगळ्यांना पाणी दिलं, आणि भाकरी भाजायला आत गेली. परतताना रिक्षात मॅडम प्रमुखाला म्हणत होत्या, “बघितलंस? एवढी जाहिरात करून एकही पालक आला नाही. उदासीनता म्हणतात ती ही.” माझ्या अंगावर अजून ती फाटकी साडी होती. आणि तिथंच, कोर्टाच्या चौकात रिक्षा थांबलेली असताना, माझ्या डोक्यात उजेड पडला. अकरा वाजता कुणी नसणार हे मला माहीत होतं. त्या भरवशावर मी नाटक केलं. मग शाळेची सभा किती वाजता असते? शनिवारी सकाळची शाळा सुटली की. अकरा वाजता.

दहा वर्षं मी त्या शाळेत काढली, आणि हे दोन अकरा मी कधी एकमेकांशेजारी ठेवून बघितले नव्हते. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

अप्पा तीन वाजता आले. अक्कानं त्यांना बसपाशीच गाठलेलं असणार. हातपाय धुतले, जेवायला बसले, आणि अर्धी भाकरी झाल्यावर म्हणाले, “नाटक चांगलं झालं म्हणे.”

मी त्यांच्या ताटात कालवण वाढलं.

“त्यातला बाप शाळेत का जात नव्हता?”

“दारू पितो म्हणून.”

“बरं.” ते पाणी प्याले. “मी का गेलो न्हाई, ते तुमच्यातल्या कोणी विचारलं काय?”

मला रडू आलं आणि त्याहून जास्त राग आला. आधी स्वतःचा, मग सगळ्यांचा. अप्पा चिडले असते तर बरं झालं असतं. ते नुसतं सांगत गेले. कायम कामगारांच्या पाळ्या दर आठवड्याला फिरतात, कंत्राटी माणसाची फिरत नाही; त्यांना बारा वर्षं पहिलीच पाळी. सुट्टी मंगळवारी. शनिवारी खाडा केला तर मुकादम दुसऱ्या दिवशी “उद्यापासून नको येऊस” म्हणू शकतो, एकाला म्हणालाही होता. माझ्या सातवीत त्यांनी एकदा तासाभराची सवलत मागितली होती. मिळाली नाही. घरी येऊन त्यांनी ते कुणाला सांगितलं नाही, कारण सांगण्यासारखं त्यात काय होतं?

दुसऱ्या दिवशी मळमड्डीतल्या बैठकीला मॅडमही आल्या होत्या; मी सगळे फॉर्म टेबलावर पसरले. ‘पालकांचा रस : आहे / नाही’ असा एक रकाना होता. बहुतेक ठिकाणी ‘नाही’वर खूण. आणि त्याच फॉर्मच्या खाली, शेऱ्यात, त्याच हस्ताक्षरात : ‘घर बंद.’

“घर बंद म्हणजे रस नाही?” मी विचारलं. “कुलपाला विचारलं काय तुम्ही?”

मॅडम म्हणाल्या, “तू यात भावनिक होते आहेस. तुझं घर मधे आलं म्हणून.”

“माझं घर मधे आलेलं नाही मॅडम. तुम्ही माझ्या घरी आलात. अकरा वाजता.”

मी उठून, बैठकांसाठी तिथं आणून ठेवलेल्या आमच्या तक्त्यावरची ती निळी ओळ पुसली. तळहातानंच पुसली, डस्टर शोधायला वेळ नव्हता. खाली लिहिलं : ‘पालक घरी असतात तेव्हा शाळा बंद असते.’ मग गटप्रमुख, ज्याच्याकडून मी कसलीच अपेक्षा ठेवली नव्हती, तो हळूच म्हणाला, “माझे बाबा एकाही पालकसभेला आलेले नाहीत. कोर्ट असायचं. आई जायची. त्यांच्या नावापुढं कुणी उदासीन लिहिलं नाही.” आत त्याच्या आईच्या बांगड्या वाजायच्या थांबल्या. त्यानं स्वतःच आपला फॉर्म उचलला आणि फाडला. त्या दिवसापासून माझं त्याच्याशी पटायला लागलं, हे कबूल करायलाच हवं.

नवा प्रकल्प एवढाच : पहिल्या शनिवारी सभा अकराऐवजी साडेतीनला. तीनला बस येते, साडेतीनपर्यंत माणसं हातपाय धुऊन येतात. वसतिगृहाच्या स्वयंपाकातून आयाही तोवर सुटतात. जागा वस्तीतला बुद्धविहार, कारण तिथं सतरंज्या आहेत, पंखा आहे आणि सगळ्यांना तो जवळ.

मुख्याध्यापक आम्हांला म्हणाले, “शाळा अकराला सुटते. आम्ही साडेतीनपर्यंत काय करायचं?” मी म्हणाले, “सर, अप्पा तोवर काय करतात ते सांगू काय?” त्यांना ते आवडलं नाही. मग म्हणाले, सभा शाळेतच घ्यावी लागते. मग म्हणाले, तिथं विहारात कशाला? हा शेवटचा प्रश्न विचारताना ते आमच्याकडं न बघता कागद नीट करत होते. गटप्रमुखानं गोड बोलून, कॉलेजचं पत्र दाखवून, फोटोंचं आमिष दाखवून एका सभेपुरतं त्यांना तयार केलं. गोड बोलणं मला जमत नाही. ते काम वकिलाच्या घरच्या माणसानं करावं.

पहिल्या सभेला विहार भरला. कंपनीच्या निळ्या शर्टातली माणसं पाठ ताठ करून बसली होती, आया मागं. मुख्याध्यापकांनी शिस्तीवर भाषण केलं. अप्पांच्या शेजारच्या माणसानं विचारलं, पोराला सहामाहीत गणितात इतके कमी का पडले, आणि उत्तरपत्रिका बघायला मिळेल काय. दुसऱ्यानं विचारलं, विज्ञानाचे शिक्षक दोन महिने रजेवर आहेत, त्यांच्या जागी कोण? वर्गशिक्षकांनी रुमालानं मान पुसली. उदासीन माणसांना इतके प्रश्न असतात हे त्यांना ठाऊक नव्हतं.

शेवटी अप्पांनी खास वर्गाच्या संमतीचं विचारलं. मुख्याध्यापक उठता उठता म्हणाले, “सह्या पुढच्या महिन्याच्या सभेत. शाळेत, नेहमीप्रमाणं शनिवारी अकराला. आजची ही मुलांच्या प्रकल्पापुरती होती.”

अप्पा उभे राहिले. घरीसुद्धा ते चार माणसांत बोलत नाहीत. कानडीत, अगदी अदबीनं म्हणाले, “सर, पुढच्या महिन्यात बी आम्ही हितंच साडेतीनला येऊन बसणार. तुम्ही आला न्हाईत तर तुमच्यापुढं गैरहजर लिहिणार.” मग मागून अक्का हसली, आणि सगळेच हसले. मुख्याध्यापक सोडून.

मधे हुबळीचं ते हॉटेल झालं. कार्पेट, थंडगार हॉल, गळ्यात ओळखपत्रांच्या पट्ट्या. आमचं सांगून झाल्यावर एक परीक्षक म्हणाले, “पण यात नवीन काय आहे? तुम्ही फक्त वेळ बदलली.” मी म्हणाले, “होय सर. फक्त वेळ बदलली. ती आजवर कुणाला बदलावीशी वाटली नव्हती, एवढंच नवीन.” मॅडमनी कपाळाला हात लावला. बक्षीस एका मोबाइल अ‍ॅपला मिळालं, ज्यात पालक घरबसल्या मुलाची हजेरी बघू शकतात. छान आहे ते. आमच्या गल्लीतल्या अर्ध्या लोकांना कारखान्यात फोन गेटवर जमा करावा लागतो.

प्रकल्प संपला होता. गुण मिळाले होते, तेही बेताचे. पण पहिला शनिवार काही स्पर्धेच्या परवानगीनं येत नाही.

त्या शनिवारनंतरच्या सोमवारी काय झालं ते आधीच सांगून टाकते. अक्का, मी आणि गटप्रमुख एक कागद घेऊन शाळेत गेलो. त्यावर शनिवारी विहारात घेतलेल्या वीसेक पालकांच्या संमतीच्या सह्या होत्या, आणि तळाशी ‘प्रत : शिक्षणाधिकारी’ असं लिहिलेलं होतं. मुख्याध्यापकांनी तो दोनदा वाचला, चष्मा काढला, घातला, आणि कागद टेबलाच्या खणात ठेवला. त्या आठवड्यात बहिणीचं नाव यादीत चढलं, आणखी सहा मुलांची नावंही चढली. पुढच्या महिन्यापासून शाळेच्या फळ्यावर सभेची वेळ साडेतीन अशी लिहून आली. ती कुणी बदलली हे फळ्यावर लिहिलेलं नव्हतं, आणि आम्हांला त्याची गरजही नव्हती. पण मला लिहायचं आहे ते त्याच्या आधीच्या शनिवारचं.

त्या शनिवारी विहारात सतरंज्या आम्हीच घातल्या. गटप्रमुख मळमड्डीहून स्कूटरवर आला. आता त्याला गुण मिळणार नव्हते, तरी आला. तीनला बस आली. साडेतीनला सगळे बसले. पावणेचार झाले, चार झाले. शाळेकडून कुणी आलं नाही. बहीण दारात उभी राहून रस्त्याकडं बघत होती, आणि तिचा चेहरा मला बघवत नव्हता. सकाळी अकरालाही तिच्या वर्गात सभा झाली होती. त्या सभेत सह्या झाल्या होत्या.

दोघं-तिघं उठायला लागले. अप्पा म्हणाले, “बसा. आपली सभा हाय.” मला म्हणाले, “वही काढ. लिही.”

मी लिहायला बसले. तारीख, वार, वेळ. हजर पालकांची नावं. मग ‘मुख्याध्यापक : गैरहजर. वर्गशिक्षक : गैरहजर.’ प्रत्येक नाव मोठ्यानं वाचलं जात होतं आणि त्या माणसांच्या माना वर होत होत्या. मलाही स्फुरण चढलं होतं. इतक्या वर्षांचं उट्टं काढणं माझ्या हातात आलं होतं, आणि पेनात शाई भरपूर होती.

पुढच्या रांगेतला एक तरुण बाप ओरडला, “आणि कारण लिही! ह्या मास्तरलोकांना आमच्या पोरांची काडीची पर्वा न्हाई, असं लिही!”

“होय, लिही, लिही!” मागून आवाज आले. मी पेन टेकवलंसुद्धा. खरं सांगायचं तर ते वाक्य माझ्याकडं तयार होतं, त्याहून बोचरं.

अप्पांनी वहीवर हात ठेवला.

“न्हाई,” ते म्हणाले. “का आले न्हाईत ते आपल्याला कुठं ठाऊक हाय? सोमवारी जाऊन विचार. विचारल्याबिगर कोणाच्या नावापुढं कारण लिहायचं न्हाई.”

मी कारणाची जागा मोकळी सोडली, आणि वही सह्यांसाठी पहिल्या माणसाकडं दिली.